टेकाईचा झगा

बोरटेकच्या डोंगरावर टेकाईच्या देवळात गेलात तर हसू नका. बाहेरचे लोक पहिल्यांदा हसतातच. देवीच्या अंगावर लुगडं नाही, झगा आहे. मडमेसारखा. बाह्या फुगीर, कंबरेला चुण्या, गळ्याला कॉलर. कापड मात्र निव्वळ आपलं, आमच्या कोष्ट्यांच्या मागावरचं. घेराला रुईफुली काठ, छातीवर जरीचा पदर. हे कसं झालं ते ऐका, मग हसायचं तर हसा.

गोऱ्यांच्या राज्यात इथं ठकू नावाची कोष्टीण होती म्हणे. नवरा वारलेला, एकच मुलगी, मथी. डोंगराखाली कालव्याच्या साहेबाचा बंगला होता. त्याच्या मडमेनं ठकूकडून लुगडं घेतलं आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यात कात्री घातली. आपलंच कातडं कुणी कापतंय असं ठकूला वाटलं. आमच्यात लुगडं अखंड नेसायचं. कापलेलं कापड तर देवीच्या अंगाला लागूही द्यायचं नाही. पण पुढं त्याच लुगड्याचा झगा घालून मडमेची मुलगी बागेत धावताना तिनं पाहिली. मग ती स्वतःच बंगल्यावर जाऊन शिवण शिकली. गावातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

त्याच वर्षी मथीच्या केसांत जट आली. रावजी भगत म्हणाला, देवीनं पोरगी मागितली. देवीला सोडलेल्या मुलीचं पुढं गावातली मोठी माणसं काय करत, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. रीत अशी, की लुगडं मुलीच्या आईनंच विणायचं. ते आधी देवीला नेसवायचं, मग मुलीला गुंडाळायचं. गुंडाळलं की मुलगी देवीची. ठकूनं लुगडं विणलं.

जत्रेला सगळा गाव डोंगरावर. मथीचा हात धरून ठकू वर आली, तेव्हा हलगीवाल्याची काडी हवेतच राहिली असं सांगतात. पोरीच्या अंगावर झगा!

"ठके, देवीचं लुगडं कुठाय?" भगतानं विचारलं.

"हे काय, पोरीच्या अंगावर."

"का... कापलंस?"

"कापलं, शिवलं. कापलेलं देवीला चालत नाही, तूच सांगतोस न्हवं? मग ते घातलेली पोर तरी कशी चालंल? जातो आम्ही घरी."

"सटवे, देवी तुझा वंश बुडवील!"

"तो बुडवायला तूच निघालास की, रावजी. देवीला कशाला तरास?"

भगतानं दुसरं कोरं लुगडं मागवलं. हे नेसवतो आणि ह्यातच पोरगी घेतो, म्हणाला. मूर्तीला नेसवून गाठ मारली आणि हात काढला, तर लुगडं सरकन खाली. पुन्हा नेसवलं, कंबरेला दोरी आवळली. दोरीसकट खाली. साऱ्या गावासमोर देवी उघडी! बायका किंचाळल्या, पुरुषांनी डोळे झाकले. कुणाला पुढं व्हायचा धीर होईना.

ठकू पुढं झाली. तिनं मथीला आपल्या पदराखाली घेतलं, तिचा झगा उतरवला आणि देवीला घातला. तो बसला. माप घेऊन शिवल्यासारखा खांद्यांवर बसला. भगत म्हणे पायरीवर टेकला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

त्यानंतर ह्या डोंगरावर कुणी मुलगी सोडली नाही. कुणी काढलं नाव, तर त्याला झग्याकडं बोट दाखवायचं.

आता पुण्याच्या फॅशनवाल्या बायका येतात, फोटो काढतात, डिझाईन कुणाचं म्हणून विचारतात. मी सांगते, एका आईचं.

आजही दर जत्रेला देवीच्या नव्या झग्यासाठी लुगडं विणतात आणि देवीसमोर गावातल्या एखाद्या मुलीची आई त्यात पहिली कात्री घालते. कात्रीचा आवाज आला, की अख्ख्या देवळाचा श्वास अडकतो. कात्री धरणारीचा हात तेवढा थरथरत नाही, कारण तिची लेक तिच्या मांडीवर असते.