बारा विहिरींची पोथी

फार वर्षांमागे, आपल्या आजीच्या पणजीलाही आठवणार नाही इतक्या मागे, एक राज्य होतं. तिथली रीत अशी, की ज्याला पंडित व्हायचंय त्याने आजवर कुणालाच ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट शोधायची, तिची पोथी लिहायची आणि राजाच्या सभेत वाचून दाखवायची.

एका मुलीने विहिरींचं पाणी निवडलं. बारा गावं, बारा विहिरी. दर पौर्णिमेच्या सुमारास ती दगड बांधलेली दोरी आत सोडायची आणि पाणी कितव्या गाठीवर लागलं ते लिहून ठेवायची. दोरीला हातहाताच्या अंतरावर गाठी होत्या.

पहिलं वर्ष हौसेत गेलं. तिसऱ्या वर्षी निम्मी पानं वाळवीने खाल्ली. चौथ्या वर्षी गुरूंनी पोथी दोनदा परत केली. बरोबरीच्या मुली लेकुरवाळ्या झाल्या. शेजारच्या काकू कुंपणावरून रोज विचारायच्या, "काय गं, येतंय का संपत?" शेवटी पोर मागच्या दाराने जायला लागली. काय करील बिचारी!

सहाव्या वर्षी मात्र उत्तर हाती आलं. पाणी दरवर्षी वर येत होतं! सभा आठ दिवसांवर आली.

काकू लाडू घेऊन आल्या. कोपऱ्यातली दोरी उचलून म्हणाल्या, "पहिल्यापासून हीच का गं?"

"हो. का हो काकू?"

"काही नाही बाई. माझी कपडे वाळत घालायची दोरी दरवर्षी लांबते, धोतरं मातीला टेकतात. तुझ्या दोरीला तर धोंडा बांधलेला."

मुलीने हात लावून मोजलं. दोन गाठींमध्ये एक हात अंतर होतं, ते हात आणि चार बोटं झालं होतं. पाणी वर आलंच नव्हतं. दोरी ताणली गेली होती.

काकू घाबरल्या. "मी काही बोललेच नाही हं! कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, काकू."

ती तशीच गुरूंकडे गेली. गुरूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अजून दोन वर्षं लागतील. आज घरी जा, पोटभर रड. उद्या लोहाराकडून साखळी घेऊन ये."

ती रडली, आणि साखळीही आणली. या खेपेला काकू भाकरी बांधून तिच्यासोबत विहिरी-विहिरी हिंडल्या.

दोन वर्षांनी तिने सभेत पोथी वाचली. पाणी दरवर्षी हातभर खाली जात होतं. एक दरबारी खेकसला, "आठ वर्षं घालवून हीच बातमी आणलीस होय?"

राजाने मात्र तिला पंडित म्हटलं आणि ओढ्यांवर बांध घालायला घेतले. पुढे सलग दोन पावसाळे कोरडे गेले. त्या बारा गावांत एकही घागर रिकामी परतली नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: उशीर झाल्याची बोलणी चार दिवस खावी लागतात, पण चुकीचं उरकलेलं काम साऱ्या गावाला भोवतं.