साळुंकीची हरकत

सागाच्या एका जंगलात एक टेकडी होती आणि टेकडीवरच्या मोहाच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. तिच्या तीन पिल्लांचे डोळे अजून उघडायचे होते. टेकडीच्या पोटात दगडी कोळसा होता आणि तो एका कोल्ह्याला हवा होता. राजा वाघाने त्याला सांगितले, "टेकडीवर राहणाऱ्यांची हरकत नसेल तर खुशाल खोद. अमावास्येपर्यंत सगळ्यांना विचारून ये."

कोल्हा घरोघर फिरला. म्हाताऱ्या अस्वलाला तो म्हणाला, "काका, टेकडीवर जरा खोदकाम करावं म्हणतो. चालेल ना?" अस्वल मोठे भिडस्त. ते म्हणाले, "हरकत नाही." साळिंदर झोपेतून उठून म्हणाले, "हरकत नाही." घोरपडीने तर प्रश्न पुरता ऐकलाही नाही, पण दारी आलेल्याला नाही कसे म्हणायचे? तीही म्हणाली, "हरकत नाही." पाखरांना मात्र कोल्ह्याने विचारलेच नाही.

हे कळताच साळुंकी अस्वलाकडे गेली. "काका, टेकडीच गेली तर तुमची गुहा कुठे राहील?"

"अगं, तो एवढ्या प्रेमानं विचारायला आला होता. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"मग मी म्हणते."

"तू काय, झाडावर बसून किलबिल करणार! आमच्या वेळी आम्ही थेट राजापुढे जाऊन उभे राहायचो."

"मग चला की आता."

"आता गुडघे दुखतात," अस्वल म्हणाले. शेजारचे साळिंदर खो खो हसले. "चोच चालवून कुठं टेकडी वाचते का, पोरी?"

राजाची गुहा नदीपलीकडे होती आणि पिल्लांना सोडून साळुंकीला तितके लांब जाता येत नव्हते. मुलांनो, जंगलात मोबाइल नसतात, पण पाखरे असतात. एका झाडावर बोललेले घटकाभरात नदीपलीकडे पोचते. साळुंकी मोहाच्या शेंड्यावर बसून ओरडली, "टेकडी खोदायला माझी हरकत आहे! मी मोहावरची साळुंकी. तुमचीही असेल तर आपलं झाड सांगा आणि पुढे पाठवा!" खालून आवाज आला, "हरकत आहे! मी बेहड्यावरचा पोपट." मग तेंदूवरचा सुतारपक्षी बोलला, मग सावरीवरची घार. असे अमावास्येपर्यंत रोज चालले.

अमावास्येच्या सकाळी कोल्हा राजापुढे हात जोडून उभा राहिला. "महाराज, मोठ्या मंडळींची हरकत नाही. हा जो गलका ऐकू येतो, तो एकट्या साळुंकीचा आहे. बाकी सगळा प्रतिध्वनी."

"प्रतिध्वनी बेहड्यावर राहतो का?" वाघाने विचारले. "इतके दिवस मी टेकडीवरच्या एकेका झाडाचं नाव ऐकतो आहे. अस्वलाला बोलवा."

अस्वल लंगडत आले. "तुमची खरंच हरकत नाही?" वाघाने विचारले.

अस्वलाने एकदा कोल्ह्याकडे पाहिले, एकदा टेकडीकडे. "महाराज, ते मी सवयीनं म्हणालो. आहे. हरकत आहे."

"मग खोदायचं नाही," वाघ म्हणाला, आणि कोल्हा आल्या वाटेने परत गेला.

संध्याकाळी अस्वल मोहाखाली आले. "पोरी, आम्ही तुला हसलो. राग नाही ना आला?"

अशा वेळी काय म्हणायचे असते, ते साळुंकीला ठाऊक होते.

"आला," ती म्हणाली आणि फांदीवरची अळी चोचीत घेऊन ढोलीत शिरली.

तात्पर्य : भिडेपोटी म्हटलेले 'हरकत नाही' लबाडाच्या कामी येते, हरकत असेल तर ती आपल्या नावानिशी आणि साऱ्या जंगलाला ऐकू जाईल अशी सांगावी.