हातभर कोरडी जमीन

“गाडी दारात उभी आहे, विहीणबाई! लेकीला खाली आणा, नाहीतर मीच वर चढते.”

“चढा की! जिना काय तुम्हाला नाही म्हणतोय? पण लेक माझी इथून हलायची नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज काय मी काढला?”

“रिवाज घेऊन बसा तुम्ही! गेल्या साली या घरात कमरेइतकं पाणी होतं. माझं नातवंड मी चिखलात जन्माला येऊ देणार नाही.”

“आणि तो चिखल पाठवला कुणी, ते नाही बोलायचं!”

हे भांडण फार जुनं. तुमच्या-माझ्या आज्यांच्या आज्याही जन्मल्या नव्हत्या, तेव्हाचं. लहानांनी ऐकावं, आणि मोठ्यांनी जरा जास्तच ऐकावं.

एका नदीच्या काठी दोन गावं होती. वरचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, नवं, दरसाल वाढणारं. खालचं गाव जुनं. इतकं जुनं, की घाटाच्या पायऱ्या पावलांनी झिजून मधोमध वाटीसारख्या खोल झाल्या होत्या. वरच्या गावची पाटलीण आणि खालच्या गावची रंगारीण या दोघी विहिणी. रंगारणीचे हात निळीत बुडवून बुडवून कोपरापर्यंत निळे झालेले. पाटलीणबाईचे हात गोरे, पण बोट दाखवायला फार सवकलेले. तोंड मात्र दोघींचं सारखंच तिखट. म्हणूनच सोयरीक जमली, असं लोक म्हणत.

वरच्या गावाला लागून एक मोठं कुरण होतं, नुसत्या लव्हाळ्याचं. पावसाळ्यात नदी फुगली की त्या कुरणात शिरायची. तिथे ऐसपैस पसरायची, गाळ टाकायची, आणि मग सावकाश खालच्या गावाकडे निघायची. चार महिने तिथे माणसाला पाय ठेवता येत नसे.

“एवढी जागा बेडकांना कशाला द्यायची?” पाटलीणबाईंनी एकदा विचारलं. गाव हसलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागलं. डोंगरावरची झाडं तोडली. डोंगर फोडून मुरूम आणला आणि कुरण भरून काढलं. वर घरं बांधली, बाजार बसवला, फरसबंदी रस्ता केला, आणि नदी पुन्हा आत येऊ नये म्हणून काठाने दगडी भिंत घातली. भिंतीपलीकडे गेलेलं पाणी संपलं, असं त्यांना वाटलं. पाणी असं संपतं का हो? ते फक्त आपल्या डोळ्यांआड होतं.

खालचं गाव तरी काय मोठं शहाणं होतं? त्यांच्या घाटावर नदीकाठच्या देवीचं देऊळ. दरसाल नदी एकदा चढायची, देवीच्या पायांना लागायची आणि माघारी जायची. त्या दिवशी बायका नदीची ओटी भरत. वर कुरण भरून झालं, आणि पहिल्याच पावसाळ्यात नदी थेट देवळाच्या मंडपात आली. गाव खूश! यंदा देवी फारच प्रसन्न, म्हणून रंगारणीने स्वतः साखर वाटली. पुढच्या साली नदी गल्लीत आली. म्हणाले, देवी आता घरोघरी भेटीला निघाली. उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. त्याच्या पुढच्या साली भिंती पडल्या, निळीचे रांजण वाहून गेले, तेव्हा कुठे लोकांनी मान वर करून नदी येते कुठून ते पाहिलं.

तर अशा वेळी पाटलीणबाई गाडी घेऊन सुनेला न्यायला आल्या होत्या. पाऊस कोसळत होता.

“तुमचं कुरण भरलंत, म्हणून माझं घर भरलं,” रंगारीण म्हणाली.

“पाऊस काय मी पाडते? आणि एवढी भीती आहे तर गाव सोडा ना! वर या. जागा देते मी, नव्या आळीत.”

“म्हणजे माझ्या घरात नदी राहणार, आणि नदीच्या घरात मी? वा गं वा! छान वाटणी केलीत!”

तेवढ्यात माडीवरून आवाज आला. वेणूचा, म्हणजे जिच्यावरून हे चाललं होतं तिचा. “आई, सासूबाई, भांडा तुम्ही पोटभर. पण आधी कुणीतरी सुईणीला हाक मारा गं!”

दोघी एकदमच जिन्याकडे धावल्या.

आता गाडी कुठली जायला? बैलांच्या पोटाला पाणी लागलं, तेव्हा गाडीवानाने त्यांना सोडून उंचावर नेलं. इकडे माडीवर एक विहीण शेगडी फुंकत होती, दुसरी सुनेची कंबर चोळत होती. “जोर कर गं माझे बाय,” पाटलीणबाई म्हणत होत्या. रंगारणीने इतकी वर्षं त्यांच्या तोंडून असा मऊ शब्द ऐकला नव्हता. तिने आपला कोरडा पदर त्यांच्या खांद्यावर टाकला.

दुपारी मुलगी झाली. ती अशी ओरडली, की सुईण म्हणाली, “आवाज दोन्ही आज्यांचा घेतलाय. देव हिच्या बापाचं भलं करो.”

मग सुईणीने बाळामागून पडलेली वार मडक्यात ठेवली, वर हळदमीठ घातलं आणि मडकं पाटलीणबाईंच्या हाती दिलं. त्या भागात रीतच होती. बाळ जन्मायचं आईच्या आईकडे, आणि त्या घरच्या परसात वार पुरायची बापाच्या आईने. म्हणजे दोन्ही घरांचा त्या जिवावर सारखाच हक्क.

पाटलीणबाई मडकं घेऊन जिना उतरल्या. अर्ध्यावर थांबल्या. खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. परस तर दिसतच नव्हतं. दिसत होता फक्त पेरूच्या झाडाचा शेंडा.

शेजारचा कोळी होडी घेऊन लोकांना बाहेर काढत होता. पाटलीणबाई होडीत बसल्या. देवळाच्या आवारात गेल्या, तिथे पाणी. चावडीचा कट्टा वर होता, पण तो दगडी, दगडात वार कशी पुरायची? गल्लोगल्ली होडी फिरली. माड्यांच्या खिडक्यांतून बायका बघत होत्या. मडकं पाहूनच त्यांना सगळं कळत होतं.

“मुलगी का मुलगा?”

“मुलगी.”

“औक्षवंत होवो. पण इथेही पाणीच आहे हो, बाई.”

पाटलीणबाई कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी वाकडा शब्द बोललं नाही. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. रागाला द्यायला उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं.

शेवटच्या खिडकीत एक म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवर भिजलेली कोंबडी, शेजारी मोगऱ्याची कुंडी. ती म्हणाली, “या कुंडीत पुरा. मी मोगरा उपटते. आमच्या गावात कोरडी माती एवढीच उरलीय.” आणि खरंच तिने मोगऱ्याच्या बुंध्याला हात घातला.

“नको, मावशी! नको!” पाटलीणबाई ओरडल्या. मडकं त्यांनी छातीशी घट्ट धरलं. वर त्यांची केवढी नवी आळी होती, केवढा बाजार होता! आणि नातीच्या वारेसाठी त्यांना या गावात हातभर जमीन मिळत नव्हती. कोळ्याने नुसती होडी वळवली. पाऊस पडतच होता, त्यामुळे बाईंच्या तोंडावर पाणी कसलं, ते त्याने विचारलं नाही.

पाणी उतरल्यावर पाटलीणबाईंनी परसातला चिखल स्वतः उपसला, वार पुरली, आणि वरून हाताने माती थापली. त्यांचे हात पहिल्यांदाच कोपरापर्यंत भरले होते.

पुढे काय झालं ते आताच सांगून टाकते. वरच्या गावाने भिंत फोडली. बाजार उतारावर हलवला, मुरूम गाड्यांनी उपसून डोंगराला परत नेला, तिथे झाडं लावली. सगळ्यांत आधी पाडलं ते पाटलांचं स्वतःचं कुरणावरचं नवं घर. लोक कुरकुरले, पाटील तर महिनाभर बायकोशी बोलले नाहीत. काम वर्षानुवर्षं चाललं. पण कुरणात लव्हाळा परतला, बेडूक परतले, आणि नदी पुन्हा देवीच्या पायांना लागून माघारी जाऊ लागली. ती मुलगी त्याच परसात रांगली आणि मोठेपणी आजीच्या रांजणात हात निळे करून बसू लागली.

हे सगळं ज्या बोलण्याने सुरू झालं, ते असं.

वार पुरून पाटलीणबाई घरात आल्या, तर रंगारणीने लेकीचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. भिंतीला गाळाची ओल, चूल विरघळलेली.

“न्या हो, विहीणबाई,” ती म्हणाली. आवाजातला तिखटपणा कुठल्या कुठे गेला होता. “दोघींना न्या. मी हरले. पाळणा बांधायला इथे धड आढं राहिलं नाही. चार दिवसांनी आम्हीही गाव सोडतो.”

“कुठेही जायचं नाही तुम्ही,” पाटलीणबाई म्हणाल्या.

“आता हे काय? न्यायला आलात तेव्हा मी नको म्हटलं, म्हणून भांडलात. आता न्या म्हणते, तरी भांडता?”

“भांडणारच!”

“अहो, पुढच्या साली पाणी पुन्हा येईल! लेकरू घेऊन मी कुठे चढू? कुणीतरी जागा सोडायलाच हवी ना?”

पाटलीणबाईंनी गाठोड्याची गाठ सोडली, त्यातलं दुपटं काढून नातीच्या अंगावर घातलं, आणि चिखलाचे हात तसेच ठेवून म्हणाल्या,

“जागा तुम्ही नाही सोडायची, विहीणबाई; वर ज्यांनी पाण्याची जागा बळकावली, ती त्यांनीच सोडायची.”