बाहुलीला घोटभर पाणी

कोकणातल्या एका गावात एक झरा होता. गावाच्या वर देवराई, राईत सगळ्यात जुना एक फणस, आणि त्या फणसाच्या मुळांतून हा झरा पाझरायचा. विहिरी आटल्या तरी झरा आटत नसे. उन्हाळ्यात सगळं गाव त्याच्यावरच जगे.

राईला कुऱ्हाड लावायची नाही, अशी जुनी रीत होती. पण माणसं मोठी हुशार! गावात काही नवं करायचं तर आधी देवाला कौल लावत. मूर्तीवर फुलं चिकटवायची आणि उजवं फूल पडलं की देवाचा होकार समजायचा. "देवा, देवळाला दार करू का?" असं विचारलं की उजवं फूल पडे. "शाळेला तुळया घालू का?" पुन्हा उजवं. आता चांगल्या कामाला देव नाही कशाला म्हणेल? लाकूड कुठून आणायचं, हे मात्र देवाला कुणी विचारतच नसे. राई विरळ होत गेली आणि झऱ्याची धारही बारीक होत गेली.

जत्रेला दरवर्षी परसू नावाचा म्हातारा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ घेऊन यायचा. आल्या आल्या आधी झऱ्याचं पाणी प्यायचा. त्याच्या स्वतःच्या गावचा झरा तो तरुण असतानाच आटला होता. मग घरं ओस पडली, माणसं चहूकडे पांगली. एका वर्षी इथली धार बारीक झालेली त्याने पाहिली. तो तडक गावच्या मानकऱ्याकडे, राघोबाकडे गेला आणि राई तोडणं थांबवा म्हणाला.

राघोबा हसून म्हणाला, "बाबा, तुम्ही बाहुल्या नाचवा. राईचं आम्ही बघतो ना!"

"बरं," परसू म्हणाला. घरी जाऊन त्याने पावसाळाभर खपून नवा खेळ बसवला. त्यात झाड होतं आई आणि झरा तिची लेक. कुऱ्हाड आईवर पडायची आणि इकडे लेक सुकत सुकत जमिनीवर कोसळायची. मग परसू पडद्यामागून हाक द्यायचा, "अरे, या पोरीला कुणी घोटभर पाणी द्याल का?" गावातली त्या वर्षीची नवी सून उठायची, झऱ्यावरून कळशी भरून आणायची आणि बाहुलीच्या पायावर धार धरायची. मग लेक हळूहळू उठून उभी राहायची.

काय सांगावं! बायका हुंदके देत. राघोबा तर उपरण्याने डोळे पुसायचा आणि नाकही. खेळ गावाचा लाडका झाला, नव्या सुनेने पाणी आणायचं हा मान होऊन बसला. आणि जत्रा उठली की राईत पुन्हा कुऱ्हाडीचा आवाज यायचा. तरी परसू दरवर्षी येत राहिला. रडतायत ना, मग एक दिवस ऐकतीलही, असं त्याला वाटे. भोळा बिचारा!

एका वर्षी गावाच्या मनात आलं, एवढा चांगला खेळ आणि तो मातीच्या ओट्यावर? शोभत नाही. देवाला कौल लावला, "परसूबाबांसाठी रंगमंच बांधू का?" उजवं फूल टपकन पडलं.

जत्रेच्या दिवशी परसू आला, तर झऱ्यावर जायच्या आधीच लोकांनी त्याला रंगमंचाकडे नेलं. चांगला ऐसपैस रंगमंच उभा होता. त्याने फळीवर हात फिरवला, वास घेतला. लाकूड पिवळंधमक होतं.

"हे लाकूड कुठलं, राघोबा?"

"राईतला जुना फणस, बाबा! तुमच्या खेळाला हलकंसलकं लाकूड कसं चालेल?"

परसूने फळीवरचा हात काढून घेतला. मग त्याने बाहुल्यांच्या दोऱ्या बोटांत अडकवल्या. समोर गाव जमलं होतं. दुसरं करणार तरी काय?

खेळ झाला. आईवर कुऱ्हाड पडली, लेक कोसळली. परसूने हाक दिली. त्या वर्षीची नवी सून शेवंती कळशी घेऊन राईकडे गेली. लोक वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने ती परत आली. तिने कळशी बाहुलीवर उपडी केली. थेंबही पडला नाही.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "वा! यंदा शेवट बदलला वाटतं!" राघोबा म्हणाला.

शेवंती रडू लागली. "अहो, शेवट कसला? झरा नाहीये तिथे! सकाळी धार होती, आता फणस पाडला तिथली माती ढासळलीय. नुसता चिखल आहे."

टाळ्या थांबल्या. माणसं राईकडे धावली. परसूने बोटांतल्या दोऱ्या सोडल्या. "यांच्या डोळ्यांत पाणी आणण्यात मी एवढा गुंतलो, की यांचे हात काय करतायत तिकडे माझं लक्षच राहिलं नाही," तो स्वतःशी म्हणाला. लेकीची बाहुली त्याने राईत नेऊन ढासळलेल्या मातीशेजारी ठेवली आणि तो चालू लागला. त्याला 'थांबा' म्हणायला राघोबाला तोंड उरलं नव्हतं. परसू त्या गावात पुन्हा आला नाही. पुढच्या जत्रेआधीच तो गेल्याची बातमी आली.

त्यानंतर राईतली एक फांदीही कुणी तोडली नाही. गावाने फणसाची रोपं लावली. खूप रडून, खूप मन लावून लावली. झरा मात्र अजून आलेला नाही. बायका दूरच्या नदीवरून पाणी आणतात. जत्रेला नवी सून आजही कळशी घेऊन राईत जाते. पूर्वी ती रिकामी न्यायची आणि भरून आणायची. आता नदीवरून भरून नेते, रोपांना घालते आणि रिकामी परत आणते.

तात्पर्य: कला आपल्याला चूक दाखवते, रडवतेही; पण ते बघून घरी गेल्यावर हातातली कुऱ्हाड खाली ठेवायची ती आपणच, आणि तीही वेळेत.