मामांची पसंती

बार्शीला केतकीला बघायला पाहुणे आले, पण बोलले फक्त मुलाचे दिगंबरमामा. मामा नुकतेच इंग्रजीच्या क्लासात अप्पर इंटरमीजिएट पास झाले होते आणि अर्ध्या हळकुंडाने असे पिवळे झाले होते, की त्यांना पोह्यांतही स्पेलिंगच्या चुका दिसत होत्या.

"आमच्या घरात इंग्रजी येणारीच सून येईल," ते गुरगुरले. "नवरा कसा हवा ते एका वाक्यात सांग. हू, विच, दॅट सगळं आलं पाहिजे आणि शब्द जड हवेत. नाहीतर आम्ही उठतो!"

केतकीने हातातला ट्रे खाली ठेवला आणि एका दमात लांबलचक इंग्रजी वाक्य घडाघडा म्हटलं. मामांना त्यातले हू आणि विच तेवढे ओळखीचे वाटले. त्यांनी टाळी वाजवली. "व्हेरी गुड! अक्षर न् अक्षर बरोबर!"

"काय म्हणाली रे ती?" मुलाच्या आईने भावाला विचारलं.

मामा पोह्यांतलं खोबरं शोधू लागले.

"मीच सांगते," केतकी म्हणाली. "ज्याच्या तोंडात स्वतःची जीभ आहे, जो मामाला पुढे करून मागे लपत नाही, असा नवरा मला हवा. तसा या खोलीत कुणी नाही, म्हणून माझा नकार आहे. आणि हे अक्षर न् अक्षर बरोबर आहे, असं मामाच म्हणाले."