लाल, हिरवं आणि स्क्रीन

फार पूर्वी, म्हणजे संगणकांच्या हिशेबानं फार पूर्वी, हेमांगीच्या संगणकाच्या कॅबिनेटमध्ये खेळांची चित्रं काढून स्क्रीनला पाठवणारी दोन ग्राफिक्स कार्डं राहत असत, एक लाल आणि एक हिरवं. कोणाचा खेळ जास्त सफाईदार दिसतो हे ठरवायला ती जुन्या स्क्रीनची वायर आज याला, उद्या त्याला जोडायची.

"बाळांनो, माझं एक चित्र काढून झालं की मगच दुसरं पाठवा रे," स्क्रीन विनवायची. "नाहीतर दोन्ही अर्धवट दिसतात."

"मी फक्त माझ्या कंपनीच्या स्क्रीनसाठी थांबतो, मावशी," हिरवं म्हणायचं.

"आणि मी थांबलो तर हा पुढे जाईल ना!" लाल म्हणायचं.

चढाओढीनं चित्रं येत राहिली. खेळातला धावता घोडा मधोमध फाटला, डोकं एकीकडे आणि धड भलतीकडे.

"आई, स्क्रीनच बिघडलीय गं," हेमांगी म्हणाली आणि तिनं स्क्रीन भंगारात देऊन टाकली. जाताना स्क्रीन एवढंच पुटपुटली, "त्यांना काही बोलू नका. लहान आहेत."

त्या संध्याकाळी दोघांनी आजवरची सगळ्यात वेगवान चित्रं काढली.

"बघ!" लाल म्हणालं.

"तूच बघ!" हिरवं म्हणालं.

पण कार्डांना स्वतःची चित्रं कधीच दिसत नाहीत, आणि ती दाखवणारं आता खोलीत कोणी नव्हतं.