सरकारांचं पान आणि सातचा चार्जर

"बावीसचा! बावीस किलोवॅटचाच चार्जर पाहिजे मला! सात म्हणजे काय, देव्हाऱ्यातली समई आहे का?"

सोनखडी संस्थानचे सरकार असे कडाडले की कोठीच्या कौलांवरची कबुतरं उडाली. समोर गोंदा वायरमन पक्कड छातीशी धरून उभा होता. तीस वर्षं त्या कोठीतला एकेक दिवा त्यानं लेकरासारखा सांभाळला होता.

सरकारांनी विजेवरची नवी गाडी घेतली होती. साध्या प्लगवर ती भरायला दिवस मावळायचा. म्हणून भिंतीवर चार्जर बसवायचं ठरलं, आणि शहरातला कोणी विक्रेता सरकारांच्या कानाला लागून गेला, आकडा जेवढा मोठा, तेवढी गाडी लवकर भरते!

"सरकार," गोंदा हळूच म्हणाला, "भिंतीवरचा डबा देईल बावीस. पण आपली गाडी सातच्या वर घेतच नाही. बावीसचा लावला तरी ती भरायची तेवढ्याच वेळात."

"म्हणजे माझ्या गाडीचं तोंड लहान म्हणतोस?"

"तसं नव्हे, सरकार..."

"तसंच! बसव तुझा सातचा. उद्या दुपारी मी पाटावर बसलो की गाडीला वायर लाव. मी पानावरून उठायच्या आत गाडी काठोकाठ भरली, तर तू खरा. नाही भरली, तर बावीसवाला कोठीत येईल आणि तू पक्कड घेऊन घरी जाशील!"

गोंदाचं तोंड उतरलं. सरकारांचं जेवण साऱ्या संस्थानाला ठाऊक होतं. वाढपी भात घेऊन येईपर्यंत पोळ्या गायब, आणि ताक येईपर्यंत माणूस हात धुऊन मोकळा! सगळा खेळ पंधरा मिनिटांचा.

घरी आल्यावर त्याला घास गिळवेना. त्याची लेक हौसा बापाबरोबरच वायरिंगची कामं करायची. तिनं विचारलं, "आबा, उद्या गाडी किती रिकामी असेल?"

"सकाळी आमराईत जाऊन येणार. पाव गाडी रिकामी होईल."

"म्हणजे सातच्या चार्जरला सव्वा तासाचं काम."

"आणि जेवण पाव तासाचं. संपलं गं माझं."

"थांबा! सरकार काय म्हणाले? पाव तास म्हणाले?"

"नाही. पानावरून उठायच्या आत, म्हणाले."

"शब्द हाच?"

"हाच."

हौसा खुदकन हसली. "मग जेवा आता पोटभर. चार्जर तुम्ही सांभाळा, पान मी सांभाळते."

दुसऱ्या दिवशी गोंदानं मीटरपासून चार्जरपर्यंत वेगळी जाड वायर ओढली. तिला स्वतंत्र स्विच दिला, अर्थिंग नवं केलं, त्याच्या खड्ड्यात हातानं पाणी घातलं. कोठीतलं हे शेवटचंच काम म्हणून एकेक स्क्रू दोनदा आवळला. हौसा मात्र सकाळच्या एसटीनं कुठे गेली होती, कोण जाणे!

बारा वाजता सरकार आले. गोंदानं गाडीला वायर जोडली, हिरवा दिवा लागला. सरकार मिशीवर ताव देत जेवणघरात शिरले आणि थबकलेच.

शेजारच्या पाटावर आत्यासाहेब बसल्या होत्या! सरकारांच्या वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याऐंशी, दात दोन, आणि तेही एकमेकांना न भेटणारे.

"ये, बाळ्या," आत्यासाहेब म्हणाल्या. "ही गोंदाची पोर माझ्या गावी आली. म्हणाली, नव्या गाडीला अजून तुमचे पाय लागले नाहीत. मी म्हटलं, चला!"

हौसा दाराशी बापाजवळ निमूट उभी होती.

पानं वाढली गेली. सरकारांनी नेहमीप्रमाणे धडाका लावला. पंधराव्या मिनिटाला ते उठू लागले.

"बस खाली!" आत्यासाहेबांनी डोळे वटारले. "वडील माणसाचं पान व्हायचंय आणि तू उठतोस? हे शिकवलं का तुला?"

सरकार मटकन बसले. त्या घराची रीतच होती. पंगतीतलं वडील माणूस उठल्याशिवाय राजानंसुद्धा उठायचं नाही!

अर्धा तास झाला. आत्यासाहेबांची पोळी चतकोरही सरली नव्हती. सरकारांच्या हातावरचं वरण वाळलं. तास उलटून गेला. त्या आता भाताला लागल्या होत्या, एकेक शीत निरखून!

हौसा गाडीतला आकडा बघून आली. "सरकार, गाडी सत्त्याण्णव टक्के."

"कोणी विचारलं तुला? ए वाढप्या! ती पळी ठेव, मोठं ओगराळं आण! आत्यासाहेबांना भराभर वाढ, म्हणजे भराभर उरकेल!"

वाढप्यानं भलंमोठं ओगराळं आणलं. भाताचा डोंगर झाला, वरणाचा पूर आला. आत्यासाहेबांनी शांतपणे त्यातला बोराएवढा घास उचलला आणि डोळे मिटून चघळू लागल्या.

"अरे, एवढं वाढूनही तेच?" सरकार ओरडले.

हौसानं हात जोडले. "सरकार, ओगराळं बावीसचं आणलंत, पण आत्यासाहेबांचा घास सातचाच!"

सरकारांनी डोंगराकडे पाहिलं, बोराएवढ्या घासाकडे पाहिलं, खिडकीतून गाडीकडे पाहिलं. आणि असे गडगडून हसले की पाट हलला!

"कळलं, पोरी! वाढणाऱ्यानं कितीही वाढावं, खाणारा खाईल तेवढंच! अरे गोंदा, ही भवानी कुठे लपवली होतीस?"

तेवढ्यात बाहेर चार्जरचा दिवा बदलला. गाडी शंभर टक्के भरली होती आणि सरकार अजून पानावरच होते!

"गोंदा, सातचाच राहील आणि तूही राहशील! आमच्या पाचही कोठ्यांवर चार्जर बसवायचे आहेत. ते काम हौसाचं. आणि ती सांगेल तोच आकडा!"

हौसानं वाकून नमस्कार केला. गोंदाला डोळे पुसायला पदर नव्हता, म्हणून त्यानं पक्कड तोंडापुढे धरली.

"आता तरी उठू का, आत्यासाहेब?" सरकारांनी काकुळतीनं विचारलं.

"बस रे," आत्यासाहेब म्हणाल्या. "अजून ताकभात आहे!"